बिनदाराचा जंतू

बॅक्टेरियाला तोंड नसतं. एमएस्सीच्या पहिल्या तासाला मी हे एवढंच फळ्यावर लिहिते आणि वर्गाला विचारते, मग तो खातो कसा? तीस वर्षं झाली, धड उत्तर एकानेही दिलेलं नाही. कुणी म्हणतं, शोषून घेतो. अरे बाबा, शोषून घ्यायला तो काय फरशी पुसायचा बोळा आहे? त्याच्याभोवती तेलकट पडदा असतो. पाण्यात विरघळलेली साखर त्या पडद्याला नुसती धडकत राहते, आत शिरत नाही. आत घ्यायचं तर दार लागतं, आणि ती दारं म्हणजे पडद्यात रुतून बसलेली प्रथिनं.

एकदा मी सुरू झाले की थांबत नाही. दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं दार वेगळं, त्याला परमिएज म्हणतात. ते आधी बाहेरच्या बाजूला उघडतं, साखर धरतं, मग बाहेरची बाजू मिटते आणि आतली उघडते. दोन्ही बाजू एकदम कधी उघडत नाहीत, इतकं ते हिशेबी. साखर एकटी येतही नाही. बाहेर प्रोटॉनची गर्दी असते, ते आत घुसायला टपलेले असतात, त्यातल्या एकाच्या जोरावर ही आत येते. उलट्या दिशेचे पंपही असतात. तुम्ही औषध घेतलं आणि ते जंतूच्या आत पोचलं, की हे पंप ते उचलून बाहेर फेकतात. श्रीगोंद्याकडची, साखर कारखान्याच्या पट्ट्यातली पोरं वर्गात असली की माझं काम हलकं होतं. आत ऊस ओढून नेणारी गव्हाण सुरू आहे, चरक फिरतोय, पण फॅक्टरीचं गेट बंद आहे, तर साखर होईल का? नाही, मॅडम. ऊस ट्रॉलीतच वाळेल. झालं, समजलं त्यांना परमिएज.

हे मी छान शिकवते. उगाच नम्रपणा मला जमत नाही. आणि इतकं छान शिकवूनही जे माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं होतं ते मला दिसलं नाही, तेच सांगायला बसले आहे.

नगरच्या आमच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये माझे दोन नियम. पहिला कुकरचा. नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे ऑटोक्लेव्ह नव्हता, लग्नकार्यात भात लावतात तसला मोठा कुकर होता. वापरलेल्या प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, ट्यूबा, सगळं त्यात उकळून निर्जंतुक करायचं. पुढे ऑटोक्लेव्ह आला, तरी त्याला आम्ही कुकरच म्हणतो. एका उन्हाळ्यात पोरांनी जुन्या प्लेटा तशाच ठेवल्या, सगळ्या लॅबभर बुरशी झाली आणि परीक्षा पुढे ढकलावी लागली. त्या दिवसापासून मी ठरवलं, चोवीस तासांनी प्लेट वाचायची, नोंद करायची, आणि दुपारी बाराला जे काही असेल ते कुकरमध्ये. कुणाचीही गय नाही. विद्यापीठातून आलेले पाहुणेसुद्धा म्हणायचे, मॅडम, तुमच्या लॅबला वास येत नाही. मला त्याचा केवढा अभिमान.

दुसरा नियम नापास झालेल्यांचा. शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक ‘अननोन’ देतात, म्हणजे नाव न लिहिलेली जंतूची ट्यूब. तीन दिवसांत तो कोण आहे ते ओळखायचं. इतर ठिकाणी पुढच्या वर्षी नवी ट्यूब मिळते. माझ्याकडे तीच. जिथे अडखळलात तिथूनच परत चालायचं, हे माझं म्हणणं. पोरं मला मागून काय काय म्हणायची ते मला माहीत होतं, आणि त्याने माझं काही अडत नव्हतं.

ती श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावातून यायची. लग्न झालेली, पदरात तीन वर्षांची मुलगी. बीएस्सीनंतर पाच वर्षं घरात आणि उसात गेली, आणि मग सासूने तिला पुन्हा कॉलेजात घातलं. नवऱ्याने नव्हे हं, सासूने. ही सासू माझ्याच वयाची. शाळेची पायरी चढलेली नाही, पण गावात कुणाच्या बापाला भीत नाही. परीक्षेच्या दिवसांत ती नातीला घेऊन सुनेबरोबरच एसटीने यायची आणि दिवसभर आमच्या कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बसायची. मी एकदा म्हटलं, ताई, कशाला उन्हात येता? तर म्हणाली, ती वर शिकती, आमी खाली शिकतो.

गेल्या वर्षी ही पोरगी थिअरीत पहिली आणि प्रॅक्टिकलला नापास. नापास मीच केलं. तिला आली होती सात नंबरची ट्यूब. ते कल्चर, म्हणजे वाढवून जपलेला जंतू, माझं स्वतःचं. दुधाच्या एका कॅनमधून मीच ते वेगळं काढलेलं, आणि त्याच्या कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलेलं, ‘लॅक्टोज निगेटिव्ह’. म्हणजे हा जंतू दुधातली साखर खात नाही. जो खातो त्याचे ठिपके आमच्या प्लेटवर गुलाबी होतात, जो खात नाही त्याचे पांढरट राहतात. सात नंबर नेहमी पांढरा. हिने प्लेट पांढरी लिहिली, इथपर्यंत ठीक. पण खाली लिहिलं, ओएनपीजी पिवळं. ओएनपीजी हे रसायन लॅक्टोजच्या चुलतभावासारखं, मात्र त्याला आत जायला परमिएज लागत नाही. आत लॅक्टोज फोडणारं एन्झाइम असेल तर ते पिवळं पडतं. म्हणून तिने निष्कर्ष काढला होता की या जंतूकडे एन्झाइम आहे, फक्त दार बिघडलेलं आहे.

मी लाल पेनाने काट मारली. तुझं ओएनपीजीचं द्रावण जुनं होतं, ते आपणहून पिवळं पडतं, एवढं कळत नाही? तिने मान खाली घातली. तिच्या ट्यूबा आदल्या तासाला कुकरमध्ये गेल्या होत्या, पुन्हा बघायला काही उरलंच नव्हतं.

यंदा तिची शेवटची खेप होती. नागापूरच्या एका औषध कंपनीने तिला लॅबमध्ये जागा देऊ केली होती, पण जूनपर्यंत डिग्री हातात हवी. आणि घरी ठरलेली दोन वर्षांची मुदत गेल्याच वर्षी संपली होती. दीर वेगळा निघत होता, ऊसतोड झाल्यावर नवऱ्याच्या हाताखाली माणूस नव्हतं. यंदा नापास, तर वह्या माळ्यावर आणि ही शेतात. हे मला तिने सांगितलं नाही, लिंबाखाली सासूने सांगितलं. मी म्हटलं, काळजी करू नका, मागच्या वर्षी काय चुकलं ते मी तिला चांगलं समजावलंय. आणि खरंच समजावलं होतं. सात नंबर कोण आहे, कार्डावर काय आहे, काय लिहिलं म्हणजे पास, सगळं तिला ठाऊक होतं. मी एका परीने पेपरच फोडला होता म्हणा ना.

सोमवारी तिने सात नंबरची ट्यूब घेतली. मंगळवारी प्लेट पांढरी. मी टेबलापाशी जाऊन बघितली आणि मनात म्हटलं, सुटली बिचारी. बुधवारी सकाळी रिपोर्ट माझ्या हातात आला. प्लेट पांढरी. ओएनपीजी पिवळं. एन्झाइम आहे, परमिएज नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! शेजारी एक्स्टर्नल बसले होते, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. शांत गृहस्थ, सतत पाणी पिणारे. त्यांच्यादेखत मी तिला विचारलं की तुला पास व्हायचं आहे की माझ्याशी भांडायचं आहे. ट्यूबांचा स्टँड उचलून तिने माझ्यापुढे ठेवला. त्यात एक ट्यूब पिवळीधमक. तिच्या शेजारी त्याच बाटलीतलं द्रावण, पण जंतू न घातलेलं, स्वच्छ पाण्यासारखं. म्हणजे द्रावण जुनं नव्हतं. गेल्या वर्षी ज्या कारणाने मी तिला नापास केलं, ते कारण तिने आधीच बंद करून आणलं होतं.

खरं सांगते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माणसाला स्वतःच्या अक्षरातलं कार्ड फार प्यारं असतं. मी म्हटलं, तुझ्या कल्चरमध्ये दुसरा जंतू मिसळलाय. तू हात नीट भाजून घेत नाहीस, म्हणजे तारेची सुई गं, हात नव्हे, इतकं मी बोलता बोलता घसरले. कुणी हसलं नाही. बारा वाजायला आले होते. मी नेहमीसारखी ट्रे घेऊन फिरले, सगळ्यांच्या प्लेटा आणि ट्यूबा गोळा केल्या, आणि तिच्या टेबलाशी आले. तिने सगळं दिलं, फक्त एक ट्यूब दिली नाही. लॅक्टोजच्या पाण्याची. त्यात असा रंग घातलेला असतो की साखर आंबली की पाणी गुलाबी होतं. तिच्या ट्यूबमधलं पाणी तेव्हा फिकट, होतं तसंच.

ती म्हणाली, “मॅडम, दार नाही म्हणजे साखर आत जातच नाही असं नाही. झिरपून थोडी थोडी जाते. त्याला वेळ लागतो. आपण त्याला वेळच देत नाही.”

आपण! माझ्या लॅबमध्ये, माझ्या नियमाबद्दल, ही मला आपण म्हणून सांगते! मी एक्स्टर्नलकडे बघितलं, वाटलं हे तरी दटावतील. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले की मार्क शनिवारी द्यायचे आहेत, एक ट्यूब ठेवली तर काय बिघडतं.

ठेवली. तिच्यावरच्या विश्वासाने नव्हे. हिची खोड एकदाची मोडू दे, म्हणून ठेवली. ट्यूबवर एक्स्टर्नलची सही घेतली, इन्क्युबेटरला, जंतूंच्या त्या उबेच्या कपाटाला, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. बाकी सगळं बाराच्या ठोक्याला कुकरमध्ये.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी किल्लीला हात लावला नाही. सावेडीतल्या घरी भाजी निवडताना, स्कूटरवर सिग्नलला उभी असताना, ते स्वच्छ पाण्यासारखं द्रावण डोळ्यांपुढे यायचं. शुक्रवारी संध्याकाळी मी माझंच जुनं रजिस्टर काढलं, सात नंबरची नोंद जिथे पहिल्यांदा केली होती ते पान. चोवीस तासांची प्लेट, पांढरी. चोवीस तासांची लॅक्टोज ट्यूब, फिकट. पुढे रेघ. त्यापुढे काहीच नाही, कारण बारा वाजले होते. मी त्या जंतूला कधी दुसरा दिवस दिलाच नव्हता. तरीसुद्धा झोपताना मनाला बजावलं की फिकटच असणार. इतकी मी चिवट.

शनिवारी साडेदहाला आम्ही तिघं इन्क्युबेटरपुढे उभे. किल्ली लागेना, मी ती उलटी घालत होते. एक्स्टर्नलनी दार उघडलं.

ट्यूब गुलाबी होती. फिकट गुलाबी, संशयास्पद गुलाबी असं काही नाही. सरबतासारखी, चांगली रसरशीत गुलाबी.

एक्स्टर्नलनी ती उजेडात धरली, सही तपासली, आणि ती दुसऱ्या कशाने गुलाबी झाली नाही ना हे बघायला काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. सगळे एकाच आकाराचे जंतू, सात नंबरचेच. मिसळलेलं काही दिसलं नाही. मला वाटतं, त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग मी बोलले. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण बोलले. म्हटलं, कार्ड चुकलंय. एन्झाइम आहे, परमिएज नाही, साखर झिरपून आत जाते आणि चार-पाच दिवसांनी रंग येतो. रिपोर्ट पूर्ण बरोबर. आणि गेल्या वर्षीचाही बरोबर होता. शेवटचं वाक्य म्हणायला मला जड गेलं, पण त्या खोलीत ते म्हणायलाच हवं होतं.

तिने विचारलं, “मग मी पास?”

पास, मी म्हटलं. तिने हुश्श केलं नाही, रडली नाही, माझ्या पाया पडायला वाकली नाही. वाकली असती तर मी मेलेच असते. भरायच्या कागदांवर सह्या करायला ती टेबलापाशी बसली, आणि प्रत्येक सहीआधी ती जागा बोटाने नीट दाबून बघत होती. मला एकदम तिचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच वेळी स्वतःची इतकी लाज वाटली, की मला तिथे थांबवेना. निघता निघता मी विचारलं, “कार्डावर काय लिहिलेलं आहे ते तुला माहीत होतं. तेच लिहिलं असतंस तर बुधवारीच सुटली असतीस. का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “तुम्हीच शिकवलंय ना, मॅडम. गेट बंद असलं तरी आत चरक आहे.” आणि पुढच्या कागदावर सही केली.

खाली सासूला सांगायचं काम मी घेतलं. ते दुसऱ्या कुणी करण्यासारखं नव्हतं. ती लिंबाखाली बसून नातीच्या हाताला लागलेला चिंचेचा कोळ पदराने पुसत होती. मला बघून उठायला लागली, मी तिला बसवलं आणि मीही खाली मातीतच बसले. साडी मळेल वगैरे सुचलंच नाही.

म्हटलं, ताई, तुमची सून पास झाली. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं, तोच मी पुढचं बोलून टाकलं, कारण थांबले असते तर माझी जीभ वळली नसती. म्हटलं, आणि मागच्या वर्षीही ती पासच होती. तिने लिहिलेलं तेव्हाही खरं होतं. चूक माझी. तुमच्या घरातलं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं.

मला वाटलं, आता ही मला फैलावर घेईल. घ्यायलाच हवं होतं, मी तयार होते. पण तिने नातीचा हात सोडला. हसू कुठल्या कुठे गेलं. माझ्याकडे न बघता ती बोलली.

“मागल्या साली ती घरी येऊन म्हनली, आत्याबाई, माझं बराबर हाय. म्या म्हनलं, मॅडम चुकतील व्हय? इतक्या शिकलेल्या? तूच कायतरी हयगय केली आसंल. वरीसभर म्या तिला तेच बोलले. भाकरी करताना बोलले, उसात बोलले, पाव्हन्यांम्होरं बोलले. तिनं परत एकदा बी तोंड उघडलं न्हाई.”

मी म्हटलं, ताई, तुमचा काही दोष नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

“तेच की,” ती म्हणाली. “तुमच्यावर ठिवला. तिच्यावर न्हाई.”

नात आजीजवळून उठून जिन्याकडे धावली, तिची आई कागदांची पिशवी छातीशी धरून खाली येत होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या माती झटकून उठलो आणि ती जवळ येईपर्यंत उभ्या राहिलो.